स्वप्नात जागे होण्याचा अभ्यास

स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे, हा अनुभव पुष्कळांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी तरी येतो. कोणी मागे लागलेले असते, पाय जड झालेले असतात, आणि मध्येच मनात येते की, छे, हे तर स्वप्न! बहुतेक वेळा या शोधासरशी जाग येते व प्रकरण तेथेच मिटते. परंतु काही वेळा जाग येत नाही. झोप चालू आहे, स्वप्नही चालू आहे, आणि पाहणारा मात्र आपण कोठे आहोत हे पुरते ओळखून आहे, अशी ती विलक्षण अवस्था असते. इंग्रजीत तिला ‘ल्यूसिड ड्रीम’ म्हणतात. आपण तिला ‘सजग स्वप्न’ म्हणू. गेल्या पन्नास वर्षांतील पाहण्या एकत्र करून २०१६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे शेकडा ५५ लोकांनी असा अनुभव एकदा तरी आल्याचे सांगितले होते. महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा येतो असे सांगणारे शेकडा २३ होते.

आपोआप येणारी ही गोष्ट मुद्दाम शिकता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उत्तर आरंभीच सांगतो. शिकता येते, पण ज्या कारणासाठी बहुतेक जण शिकू पाहतात, म्हणजे स्वप्नावर हुकूम चालवावा, आकाशात उडावे, हवी ती माणसे समोर उभी करावीत, ते कारण या विद्येच्या केंद्रस्थानी नाही. येथे शिकावयाचे असते ते आठवण ठेवणे. झोपेत गेल्यावर एक लहानशी गोष्ट आठवावी, एवढाच सारा अभ्यास आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

या अभ्यासाचा पहिला मोठा कार्यकर्ता फ्रान्समधील एर्व्हे द सॅं-देनी हा चिनी भाषेचा पंडित होय. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याने आपली स्वप्ने वहीत टिपण्यास सुरुवात केली, आणि पुढे १८६७ साली स्वप्ने व त्यांना वळण लावण्याचे उपाय या विषयावर एक ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. (स्वप्नविचाराचा आचार्य फ्रॉइड, पण त्यालाही खटपट करून हा ग्रंथ मिळाला नाही, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे.) सॅं-देनीच्या ग्रंथातील दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. एक भयंकर स्वप्न त्याला वारंवार पडे. अक्राळविक्राळ आकृती त्याचा पाठलाग करीत आणि तो दारामागून दार उघडीत पळत सुटे. एकदा त्याला स्वप्नातच ओळख पटली. तो थांबला, भिंतीला पाठ लावली आणि त्या आकृतीकडे नीट निरखून पाहू लागला. पाहता पाहता तिच्यातील भय ओसरले. दुसरा प्रसंग असा की, स्वप्नात आपण मेलो तर काय दिसते हे पाहण्यासाठी त्याने स्वप्नातल्या एका उंच घरावरून उडी टाकली. मृत्यू काही दिसला नाही. तो एका चर्चपुढील चौकात, बघ्यांच्या गर्दीत उभा होता, आणि मनोऱ्यावरून पडून मेलेल्या कोणा दुसऱ्याच माणसाभोवती ती गर्दी जमली होती! सॅं-देनीचे मत असे की, स्मृतीच्या भांडारात जे नाही ते स्वप्न कोठून आणणार?

‘ल्यूसिड ड्रीम’ ही संज्ञा रूढ झाली ती हॉलंडमधील मनोवैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हान ईडन याच्या १९१३ सालच्या निबंधामुळे. १८९८ ते १९१२ या काळात अशी ३५२ स्वप्ने पडल्याची नोंद त्याने ठेवली होती. चौदा-पंधरा वर्षांत ३५२, म्हणजे सरासरीने महिन्याला दोन. पंधरा दिवसांत रोज रात्री सजग स्वप्न पाडून देण्याची हमी देणारी पुस्तके आज विकली जातात. ती घेण्यापूर्वी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तथापि हे सारे झाले स्वतःच्या शब्दावर. झोपलेल्या माणसाला खरेच शुद्ध असू शकते याला पुरावा काय? नॉर्मन माल्कम या तत्त्वज्ञाने १९५९ साली ‘ड्रीमिंग’ नावाचे पुस्तक लिहून असा युक्तिवाद केला की, गाढ झोपणे आणि कसलीही जाणीव असणे या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. तसे म्हणणे हा वदतोव्याघात आहे. तर्काच्या तासाला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेत.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले होते की, झोपेत ठराविक अंतराने डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, आणि त्या वेळी उठविले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. झोपेच्या या अवस्थेला ‘रेम’ असे संक्षिप्त नाव आहे. तीत हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात. श्वास चालू असतो आणि डोळे हलू शकतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न याने १९७५ साली नेमका याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली याला सजग स्वप्ने पडत. स्वप्नात ओळख पटताच डोळे डावीकडून उजवीकडे ठरल्या संख्येने फिरवावयाचे, असा संकेत ठरला. एप्रिलमधील एका सकाळी, मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख ‘रेम’ झोप दाखवीत असतानाच, डोळ्यांच्या आलेखावर ती ठरलेली वळणे उमटली. झोपेतून जागेपणी आलेली ही जणू तारच होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज याने स्वतंत्रपणे हीच युक्ती योजून १९८० साली आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. पुढे त्याने स्वप्नात सेकंद मोजावयास लावून आलेखाशी ताडून पाहिले, तेव्हा स्वप्नातले दहा सेकंद घड्याळातल्या दहा सेकंदांच्या जवळपासच भरले. क्षणात युग जाते वगैरे कल्पना निदान मोजणीपुरती तरी टिकली नाही. आणि २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्यास प्रश्नही विचारले. आठातून सहा गेले किती, असे विचारल्यावर एका झोपलेल्या तरुणाने डोळे दोनदा फिरवून बरोबर उत्तर दिले. अशी बरोबर उत्तरे पाचांत एका वेळेपेक्षाही थोडी कमीच आली. परंतु माल्कमचे म्हणणे खोडावयास एकही पुरेसे होते.

आता अभ्यासाकडे वळू. पहिली पायरी वहीची. स्वप्ने आठवतच नसतील तर त्यांत जागे झाल्याचे तरी कसे कळणार? उशाशी वही व पेन्सिल ठेवावी. जाग येताच कूस बदलू नये, डोळेही उघडू नयेत. हाती लागेल ते शेवटचे चित्र धरून मागे मागे जावे आणि मग लिहावे. ‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची वही अशा रीतीने आठ-पंधरा दिवसांत भरू लागते. मग ती शांतपणे वाचावी. तीच ती ठिकाणे आणि त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येताना दिसतात. आपणा विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षेचे स्वप्न ठरलेले: नंबर कोठल्या खोलीत आहे ते सापडत नाही, पेपर भलत्याच विषयाचा निघतो, पेनातून शाई उतरत नाही. पदवी घेऊन वीस वर्षे झालेल्या प्राध्यापकांनाही हे स्वप्न पडते, हे त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. या आपापल्या स्वप्नखुणा होत. त्या ज्याच्या त्याने शोधावयाच्या. दुसऱ्याच्या उपयोगी नाहीत.

दुसरी पायरी प्रश्नाची. पॉल थोली या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुचविले की, दिवसातून पाच-दहा वेळा स्वतःला विचारावे, ‘मी आत्ता जागा आहे की स्वप्नात?’ मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपण म्हणतोच. दिवसा मनी वसलेला प्रश्न रात्रीही उठेल, हा यामागील हिशेब. खातरजमेसाठी काही कसोट्या आहेत. फलकावरील मजकूर एकदा वाचावा, नजर वळवून पुन्हा वाचावा. स्वप्नात तो बहुधा बदललेला असतो. नाक चिमटीत घट्ट धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात तो घेता येतो. मात्र कसोटी यंत्रवत केली तर व्यर्थ आहे. देवळापुढून जाताना सवयीने हात जोडावेत आणि मन बाजारात असावे, तसे झाल्यास स्वप्नातही हात तेवढे जुळतील. प्रश्न विचारताना क्षणभर तरी खरी शंका यावयास हवी. आता येथून दोन मिनिटांपूर्वी आपण कोठे होतो, येथे कसे आलो, हे आठवून पाहिल्यास ती शंका अधिक खरी होते, कारण स्वप्नात या प्रश्नाला बहुधा उत्तर नसते.

तिसरी पायरी लाबर्जची असून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. झोपेची सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने असतात व प्रत्येकाच्या शेवटाकडे ‘रेम’ झोप येते. पहिल्या आवर्तनात ती अगदी थोडी, पहाटेकडे अर्धा तास किंवा अधिकही. म्हणून पाच तास झोप झाल्यावर उठावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, आणि पुन्हा झोपताना मनाशी म्हणावे, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ त्याबरोबर त्या जुन्या स्वप्नात आपण परत गेलो आहोत व खूण ओळखली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. हा जप नव्हे. पेटीतून पत्र टाकण्याचे, परतताना दूध आणण्याचे आपण जसे ध्यानात ठेवतो, तशीच ही पुढच्यासाठी ठेवलेली आठवण आहे. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी याने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे शेकडा १७ रात्री यश आले. त्यांतही संकल्पानंतर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचे यश निम्म्याच्या जवळपास पोहोचले. म्हणजे संकल्प पक्का हवा, आणि झोपही सुखाची हवी! यापूर्वी, २०१२ साली, ३५ अभ्यास तपासून असा निष्कर्ष निघाला होता की, हमखास म्हणावा असा एकही उपाय नाही. तोही विसरू नये.

ओळख पटली की आनंदाने हृदय धडधडते आणि जाग येते. नवशिक्याची तक्रार बहुधा हीच असते. अशा वेळी स्वप्नातलेच तळहात एकमेकांवर चोळावेत, जवळची वस्तू चाचपावी, म्हणजे दृश्य टिकते असा अनुभव आहे. लगेच उडावयास जाऊ नये. कळणे आणि ताबा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सॅं-देनीच्या उडीवरून दिसलेच.

आपल्याकडील विचाराचा उल्लेख येथे करावयास हवा. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की, तेथे रथ नाहीत, घोडे नाहीत, वाटा नाहीत. पुरुष ते सारे स्वतः निर्माण करतो. छांदोग्यात इंद्राला मात्र स्वप्नातील आत्म्याने समाधान होत नाही, कारण स्वप्नातही कोणी मारल्यासारखे, पाठलाग केल्यासारखे वाटते व रडू येते. पतंजलीने स्वप्न व निद्रा यांतील ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचे एक आलंबन मानले आहे, आणि तिबेटी बौद्धांच्या नारोपाच्या सहा साधनांत स्वप्नात स्वप्न ओळखण्याची साधना प्रत्यक्षच सांगितली आहे. एवढ्यावरून ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याची घाई करू नये. त्या साधकाला जागेपणीचे जगही स्वप्नासारखे पाहावयाचे होते. प्रयोगशाळेतल्या तरुणाला आठातून सहा वजा करावयाचे होते.

मग याचा उपयोग काय? ज्यांना वारंवार दुःस्वप्ने पडतात त्यांच्यासाठी प्रश्न गमतीचा नाही. अशी माणसे झोपावयासच भितात. २००६ साली नेदरलँड्समध्ये अशा २३ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. सजग स्वप्नाचे शिक्षण मिळालेल्यांची दुःस्वप्ने कमी झाली, परंतु ज्यांना स्वप्नात प्रत्यक्ष ओळख पटली नाही त्यांच्यातही फरक दिसला. स्वप्नाचा शेवट बदलता येईल ही नुसती जाणीवच, बहुधा, कामास आली. प्रयोग लहान असल्याने त्यावर मोठी इमारत उभारता येणार नाही. तथापि पाठलाग करणाऱ्याकडे वळून पाहण्याची तयारी दिवसा करता येते, एवढे त्यातून दिसते.

काही पथ्ये सांगणे आवश्यक आहे. भास होणे, खरे-खोटे यांचा गोंधळ उडणे असा त्रास ज्यांना आहे वा पूर्वी होता, त्यांनी या वाटेस जाऊ नये. मध्येच उठून पुन्हा झोपताना कधी कधी जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. ते भूत नव्हे, ‘रेम’ झोपेतील स्नायूंचे शैथिल्य जागेपणी क्षणभर रेंगाळलेले असते. घाबरू नये, थोड्याच वेळात जाते. स्वप्नासाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्या वैद्यांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. आणि रात्री जागून अभ्यास करणाऱ्या वसतिगृहवासीयांनी एक हिशेब करावा: रात्रीच्या अखेरचे दोन तास कापले, तर स्वप्नांचा सर्वांत मोठा वाटाच कापला जातो. तेव्हा आरंभ करावयाचा तर वार्षिक परीक्षेच्या तोंडावर नको. दिवाळीच्या सुटीत करावा, आठवड्यातून दोनच रात्री मध्ये उठावे, आणि पहिले पंधरा दिवस वहीखेरीज दुसरे काहीच करू नये.