देवळापुढचे दुकान आणि वसईची पतपेढी

चैत्र लागला की खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाला निघालेली पायी माणसे आपल्या देवळ्यावरून कळवणकडे जातात. डोक्यावर ऊन, हातात झेंडा. रस्त्याच्या कडेला कुणी कलिंगडाच्या फोडी मांडतो, कुणी उसाचा रस काढतो, कुणी चहाचे आधण ठेवतो. चार दिवसांत जे मिळेल त्यावर कित्येक घरांची बी-बियाण्याची सोय होते. गडावर देवी आहे, म्हणून रस्त्यावर गिऱ्हाईक आहे.

मुंबईत वांद्र्याला टेकडीवर मोतमाउलीचे चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनेचे ठिकाण. आपले मराठी ख्रिस्ती बांधव त्याला देऊळच म्हणतात. सप्टेंबर महिन्यात तेथे आठवडाभर जत्रा भरते. ख्रिस्ती येतात, तसे हिंदू आणि पारशीही येतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ज्याला घर हवे तो मेणाचे घर वाहतो. हे मेणाचे हात-पाय, फुले, खाऊ विकून अनेक लहान विक्रेते पोट भरतात. देऊळ कोणतेही असो, माणसे जमली की बाजार आपोआप भरतो.

पण गिऱ्हाईक आले म्हणजे झाले का? हातात हुन्नर पाहिजे. नाशिकचा शरणपूर रोड तुम्ही पाहिला असेल. मिशनऱ्यांनी १८५० नंतरच्या दशकात तेथे शरणपूर नावाची वसाहत वसवली. तेथे मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलेही नाशिकला शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेच्या रानात डॉ. लिव्हिंग्स्टन हे प्रवासी वारले, तेव्हा त्यांचे नाव झाडाच्या खोडावर कोरण्याचे काम या जेकबने केले. त्याला लिहिता येत होते ना!

आता खरी अडचण सांगतो. ती भांडवलाची. समजा, एक बाई सकाळी सावकाराकडून ९०० रुपये घेते, फळे भरते, आणि संध्याकाळी १००० रुपये परत देते. तिला वाटते, शंभरच तर गेले. पण रोज शंभर म्हणजे महिन्याला ३००० रुपये! तेच ९०० रुपये तिने वर्षाला शेकडा बारा दराने पतपेढीतून घेतले असते, तर महिन्याचे व्याज ९ रुपये झाले असते. कुठे नऊ आणि कुठे तीन हजार! हा हिशेब पाटीवर स्वतः करून पाहा. आमच्या सांगण्यावर जाऊ नका.

वसईच्या लोकांनी या दुखण्यावर उपाय काढला. वसईचे ख्रिस्ती शेतकरी केळी, भाजी, फुले पिकवतात. तिथली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, नावाजलेली आहेत. माल मुंबईला न्यायचा, विकायचा आणि घरी यायचे. पण विहीर खणायला, बैल घ्यायला रोकड लागते. मोन्सिनियर पी. जे. मोनीस नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी पुढाकार घेऊन १९१८ साली तेथे सहकारी पतपेढी काढली. तिचीच पुढे बँक झाली. बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. बसीन हे वसईचे इंग्रजांच्या वेळचे नाव.

पतपेढी चालते कशी? सभासद थोडे थोडे पैसे भाग म्हणून भरतात. ज्याला नड आहे त्याला त्यातून कर्ज मिळते. जामीन शेजारचाच असतो. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. म्हणून कर्ज बुडवायला माणूस कचरतो. आणि देवळाचा उपयोग इथेच होतो. दर रविवारी सारे गाव एका ठिकाणी जमते. एकमेकांची ओळख आधीच असते, विश्वासही असतो. ओळख आणि विश्वास ही दोन भांडवले पैशाच्या आधी लागतात, आणि ती कुठल्याही सावकाराकडे मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही बोलून टाकतो. देवळाच्या आधाराने उभी राहिलेली मदत पुष्कळदा त्या देवळाच्या माणसांपुरतीच राहते. गावात चार जातींची, दोन धर्मांची दुकाने असतात. त्यांतल्या काहींना पतपेढीत घेतले आणि काहींना बाहेर ठेवले, तर बाहेरचा पुन्हा सावकाराच्याच दारी जाणार. चैत्रात कलिंगड विकणाऱ्याला गिऱ्हाईक तुझा धर्म कोणता असे विचारत नाही. मग पतपेढीने तरी का विचारावे?

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बसणारी दहा माणसे घ्या. प्रत्येकाने आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकले, तर आठवड्याचे ५०० झाले. या चैत्रापासून पुढच्या चैत्रापर्यंत आठवडे धरा बावन्न. म्हणजे २६,००० रुपये. पेटी कोणाच्या घरी ठेवायची आणि वही कोणी लिहायची, हे त्या दहा जणांनी बसून ठरवायचे आहे.