परभृतांचे भय : ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या चित्रपटाचा अभ्यास

विज्ञानकथा म्हटली की अग्निबाण, यंत्रमानव आणि दूरदूरचे ग्रह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या प्रकारातील काही समर्थ कलाकृतींत यांपैकी काहीच नसते. १९६० साली इंग्लंडमध्ये तयार झालेला, वुल्फ रिला दिग्दर्शित ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ हा कृष्णधवल चित्रपट त्यांपैकी एक होय. जॉन विंडम यांच्या ‘द मिडविच कुकूज’ (१९५७) या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

मिडविच हे एक लहानसे खेडे. एके दिवशी तेथील माणसे आणि जनावरे एकाएकी बेशुद्ध पडतात व काही तासांनी शुद्धीवर येतात. पुढे असे आढळून येते की, मूल होण्याच्या वयाच्या सर्व स्त्रियांना दिवस गेले आहेत. जन्माला आलेली मुले फिक्या सोनेरी केसांची. ती भराभर वाढतात. एकाला शिकविलेले सर्वांना येते. त्यांनी रोखून पाहिले की त्यांचे डोळे चमकतात आणि समोरचा माणूस त्यांच्या इच्छेप्रमाणे वागतो, प्रसंगी स्वतःचा जीवही घेतो. परग्रहावरचा शत्रू येथे पाळण्यात येऊन निजला आहे, हे या कथेचे खरे बळ.

कादंबरीच्या नावातील ‘कुकू’ म्हणजे कोकीळकुळातील युरोपीय पक्षी. तो दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालतो, आणि अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले त्याचे आंधळे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. इंग्रजी वाचकाला या एका शब्दातच संकटाची चाहूल लागते. आपला कोकीळही कावळ्याच्या घरट्यात वाढतो. म्हणूनच संस्कृतात त्याला ‘परभृत’ म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव मिळाले. ‘शाकुंतला’त दुष्यंत शकुंतलेला हिणविताना हाच दाखला देतो. तरीही आपले काव्य एकंदरीने कोकिळाच्या बाजूचे. निसर्गही येथे थोडा सौम्य आहे : कोकिळाचे पिल्लू कावळ्याच्या पिलांना सहसा बाहेर ढकलत नाही.

आपल्या परंपरेत परघरी वाढलेल्या मुलाची सर्वांत मोठी कथा कृष्णाची. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ ठरेल हे ऐकून कंस नवजात अर्भके मारीत सुटतो, आणि कृष्ण मात्र गोकुळात नंद-यशोदेच्या घरी वाढतो. तेथे मुलाला भिणारा खलनायक ठरतो. मिडविचमध्ये मुलांना भिणारेच नायक ठरतात. असे का व्हावे?

दिग्दर्शकाने प्रेक्षकाला पुरावा देऊन ठेवला आहे, हे त्याचे उत्तर. केस, डोळे, आणि त्यांच्या नजरेने मेलेली माणसे आपण स्वतः पाहतो. म्हणूनच या मुलांना शिकविणारा गॉर्डन झेलाबी (जॉर्ज सँडर्स) पिशवीत बॉम्ब लपवून वर्गात येतो, मुलांनी आपले मन वाचू नये म्हणून विटांच्या भिंतीचेच चिंतन करीत राहतो, आणि अखेर मुलांसह स्वतःचाही अंत करून घेतो, तेव्हा आपण हळहळतो, पण त्याला दोष देत नाही. मुलांचा त्याच्यावर विश्वास होता, कारण तो त्यांचा शिक्षक होता, ही बोच मात्र राहतेच. १९६४ साली आलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड’ या पुढील चित्रपटात सहानुभूती मुलांकडे वळली. त्यातील सहा देशांच्या सहा मुलांत एक भारतीय आहे.

पडद्याबाहेर असा पुरावा कोणालाच मिळत नसतो. आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाईलवरून त्यांच्या आधीच गावोगाव पोहोचली होती. त्या जमावालाही आपण गाव वाचवीत आहोत असेच वाटत असणार. झेलाबीने निदान मुलांना जवळ बसवून शिकविले, त्यांच्याशी बोलून पाहिले. राईनपाड्यात तेवढेही झाले नाही.

अनोळखी पाहुण्याची कल्पना भयाशिवायही करता येते. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८३ साली परग्रहावरील संस्कृतीवर कादंबरी लिहिली, तिला नाव दिले ‘प्रेषित’. प्रेषित म्हणजे पाठविलेला. तो शत्रूच असेल असे त्या शब्दात कोठेही गृहीत धरलेले नाही.

आपल्या अर्धापूरच्या बाजारात दररोज नवी माणसे येतात : केळीचे व्यापारी, ऊसतोडणीला निघालेल्या टोळ्या, खेळ करणारे, भिक्षेकरी. त्यांच्यापैकी कोणाचेही डोळे चमकत नाहीत. ते कोण आहेत हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्यांना विचारावे लागते आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे लागते.