घरचा संगणक आणि तीन हार्ड डिस्क

आता पुष्कळ घरांत संगणक आला आहे. लग्नाचे फोटो, बचत गटाचा हिशेब, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सारे त्यात साठवतात. हळूहळू जागा भरते. मग बाहेरून हार्ड डिस्क जोडावी लागते. एक भरली की दुसरी, मग तिसरी. त्या कशा जोडाव्या, ते आम्ही या पाठात सांगतो.

हार्ड डिस्कच्या डबीत गुळगुळीत तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० किंवा त्याहून जास्त वेळा फिरते. तिला फिरवायला वीज लागते. अडीच इंची लहान डिस्क ही वीज संगणकाकडून वायरीतूनच घेते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो. तो भिंतीवरच्या प्लगला लावावा.

वायर खोचायच्या खाचेला यूएसबी पोर्ट म्हणतात. जुना, म्हणजे यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० देतो. तो बहुधा आतून निळा असतो. डिस्क निळ्या पोर्टला लावावी. काम लवकर होते.

पोर्ट कमी पडले, तर लोक हब आणतात. हब म्हणजे एका पोर्टचे चार पोर्ट करणारी पेटी. पण इथेच फसगत होते, बरं का! एका पाटाचे पाणी तीन वाफ्यांत सोडले, तर शेवटचा वाफा कोरडा राहतो. तसेच साध्या हबवर तीन डिस्क लावल्या, की वीज पुरत नाही. डिस्क टकटक वाजते, मध्येच बंद पडते. लिहिलेले बिघडते. म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हबच घ्यावा.

आता क्रम ध्यानात ठेवा. आधी हबला वीज द्या. मग एकेक डिस्क जोडा. पहिली पडद्यावर दिसली, की दुसरी लावा. प्रत्येकीला नाव द्या आणि तेच नाव चिठ्ठीवर लिहून डबीवर चिकटवा.

संगणकाने "फॉरमॅट करू का?" असे विचारले, तर "नाही" म्हणा. "हो" म्हटले, की आतले सारे गेलेच समजा. डिस्क काढताना वायर ओढू नका. आधी संगणकाला "सेफली रिमूव्ह" असे सांगा. तबकडी फिरत असताना डबी हलवू नका.

तीन डिस्क असल्या, तरी प्रत्येक गोष्ट एकीतच असेल, तर धोका आहेच. महत्त्वाचे ते दोन डिस्कांवर ठेवा. दुसरी डिस्क काम झाले की काढून ठेवा, जमल्यास नातलगांच्या घरी. सातबाऱ्याचा उतारा पुन्हा मिळेल. गेलेल्या आजीचा आवाज पुन्हा मिळायचा नाही.

उत्तरे सांगा:
१. मोठ्या डिस्कला वीज कोठून मिळते?
२. साध्या हबवर तीन डिस्क का लावू नयेत?
३. तुमच्या घरातले काय दोन ठिकाणी ठेवाल?