पिकअपचा सायलेन्सर बदलताना काय पाहावे?

नरडाणा हे महामार्ग आणि रेल्वे या दोहोंवरचे गाव. मुंबई–आग्रा रस्ता येथून जातो, सुरत–भुसावळ मार्गावरचे स्टेशन आहे आणि जवळच एमआयडीसी. साहजिकच पिकअप गाडीवर रोजी चालवणारे आपले बरेच बांधव या पट्ट्यात आहेत. कोणी दोंडाईच्याची मिरची नेतो, कोणी कापूस, कोणी बाजाराच्या दिवशी बकऱ्या. गाडीचा सायलेन्सर सडला की गॅरेजवर बहुधा पहिला प्रश्न येतो, "आवाज कसा हवा?" भाड्याच्या गाडीसाठी हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी गाडी कोणत्या सालची, इंजिन कोणते आणि हौद्यात माल कोणता भरतो, हे ठरवावे.

सालाचा मुद्दा आधी घेऊ. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच नव्याने नोंदवल्या जातात. अशा डिझेल पिकअपच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब सेन्सर मोजतो. काजळी साठली की इंजिनचा कॉम्प्युटर धूर मुद्दाम तापवून, सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन, ती जाळून टाकतो. "जाळी काढून टाका, गाडी मोकळी होईल" असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. जाळी काढली की सेन्सरचे गणित बिघडते, दिवा लागतो, गाडी ओढ सोडते; मग कॉम्प्युटरमध्ये फेरफार करणारा गाठावा लागतो आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. बीएस-६ गाडीत हात लावायचा असेल तर डीपीएफच्या मागच्या भागाला, म्हणजे मागचा डबा असेल तर तो आणि शेवटची नळी यांनाच.

जाळी लवकर भरत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. ऑइल डीपीएफला चालणारे, कमी राखेचे आहे का? गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारते का? छोट्या फेऱ्यांत काजळी जाळण्याएवढी उष्णता येतच नाही.

जुन्या गाड्यांना मोकळीक जास्त आहे, पण तिथेही "जाड नळी म्हणजे जास्त ताकद" हा समज अर्धाच खरा आहे. धूर अडला तर इंजिनला तो ढकलण्यात ताकद घालवावी लागते, हे बरोबर. बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी टर्बो इंजिनला टर्बोच्या मागे मोकळी वाट मानवते. परंतु डिझेल किती सोडायचे हे पंप किंवा कॉम्प्युटर ठरवतो. नुसती नळी बदलून लालिंगच्या किंवा बिजासनच्या घाटात गाडी उडणार नाही. २००५ साली आलेल्या पहिल्या टाटा एसचे इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, बिनटर्बोचे. त्याला भली जाड नळी लावून आवाजाखेरीज हाती काही लागत नाही.

खरा फरक वळणात पडतो. वाळू भरून, तापवून वाकवलेली नळी आतून गोल राहिली तर उत्तम. घाईत वाकवलेली नळी वळणावर चपटी होते, आणि मग बाकीची नळी कितीही रुंद असो, धूर त्या चिमटलेल्या जागेतूनच जायचा. नळी विकत घेताना वळणावर बोट फिरवून पाहावे.

आता पत्रा. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. छोट्या फेऱ्यांत डबा तापत नाही, ही वाफ आतच थिजते आणि डबा आतून गंजतो. वरचा काळा रंग शाबूत दिसतो. कंपनीच्या डब्याला तळाशी बारीक भोक असते, ते पाणी जाण्यासाठी. ते गळती समजून वेल्डिंगने बुजवू नये. साध्या लोखंडाचा डबा स्वस्त, त्याहून ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा टिकाऊ, त्याहून स्टेनलेस. स्टेनलेसमध्येही ४०९ ला चुंबक चिकटतो, ३०४ ला जवळजवळ चिकटत नाही. ३०४ चे पैसे देणाऱ्याने खिशात चुंबक ठेवावा. हिशेब असा करावा: समजा २,००० रुपयांचा डबा १० महिने गेला तर महिना २०० रुपये पडले, ४,५०० चा डबा ३० महिने गेला तर १५०. शिवाय गाडी उभी राहिली त्या दिवसांचे भाडे बुडाले, ते स्वस्त डब्याच्या खाती लिहावे.

कारागीर बांधवांसाठी दोन गोष्टी. पाण्याची जीआय नळी धुरासाठी वापरू नये. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो. तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो आणि माणूस हवामानाला दोष देतो. स्टेनलेसला साधी लोखंडी रॉड लावली तर जोड आधी गंजतो. तसेच गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थ जोडाजवळच घ्यावा, नाहीतर अल्टरनेटर किंवा कॉम्प्युटर जळण्याची भीती असते.

बसवण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तीन मीटरची लोखंडी नळी ३०० अंश तापली की सुमारे एक सेंटिमीटर वाढते, आणि इंजिन हलत असते ते निराळे. म्हणून नळी रबरी हँगरवर लटकती हवी. "खडखड नको" म्हणून ती चेसिसला वेल्ड केली की मॅनिफोल्डजवळ तडा जातो. तिथल्या गळतीने टर्बोला जोर मिळत नाही, काळा धूर होतो, आणि धूर केबिनमध्ये शिरतो. पेट्रोल व सीएनजी गाडीत तर या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला वास नसतो आणि ड्रायव्हरला नुसती झोप आल्यासारखे वाटते.

हौदा लांबवून घेतला असेल तर शेवटची नळीही तेवढी लांबवावी. नळी हौद्याखालीच संपली तर धूर फटीतून ताडपत्रीखाली कोंडतो. बकऱ्या गुदमरण्याचे कारण अनेकदा गर्दी सांगितले जाते. नळीचे तोंडही एकदा पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही, मागे किंवा उजवीकडेच सोडावा लागतो. धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये.

कापूस भरणाऱ्यांनी तर सायलेन्सरला आगपेटीच समजावे. रुईचे तंतू तापलेल्या नळीवर साचतात, आणि आतून फुटलेल्या डब्यातून ठिणगी बाहेर पडते. ताडपत्रीची टोके नळीवर लोंबू देऊ नयेत आणि जिनिंगमध्ये जाणाऱ्या गाडीला ठिणगी अडवणारा स्पार्क अरेस्टर लावून घ्यावा. डीपीएफवाली गाडी पऱ्हाटीच्या किंवा वाळल्या गवताच्या ढिगावर उभी करू नये.

कायद्याचे थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धुराचे मानक मोडल्यास दंड १०,००० पर्यंत जातो.

आणि हे ओझे मालकाच्या नावावर पडते, काम मात्र मिस्त्री करतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले निघाले, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाहेरून नवा रंग, आत भूसही नाही असा डबा त्याच ढिगाऱ्यातला आहे. जुना डबा दुरुस्त करून विकत असाल तर तसे सांगून विका. गिऱ्हाइकाच्या गाडीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर तो त्याची अमानत आहे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे महाग धातू असतात. लोखंडाच्या भावात तो ठेवून घेणे योग्य नाही. भंगारवाल्या बांधवांनीही सुटा कन्व्हर्टर घेताना गाडीचे कागद पाहावेत, कारण याची चोरी होते.

बिलावर पत्र्याचा प्रकार, जाडी, जोडांची संख्या आणि हमीचे महिने लिहून घ्यावेत. गाडी ताब्यात घेताना इंजिन थंड असताना सुरू करावे आणि ओले फडके नळीच्या तोंडावर क्षणभर धरावे. जोडातून फुस्स आवाज आला तर गॅस्केट बसलेले नाही. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड करून, फ्लँजचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.