मूत्राशयाचा कर्करोग टाळायला खर्च किती?

हा कर्करोग टाळणारी लस नाही, आणि काही तक्रार नसताना सरसकट करावी अशी तपासणीही नाही. तेव्हा त्याच्या धास्तीने ‘फुल बॉडी चेकअप’वर हजारो रुपये घालू नका. ‘डिटॉक्स’ काढ्यांवर तर अजिबात नको.

या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत कारण तंबाखूचा धूर असतो. धुरातली विषं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि लघवीबरोबर ती तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. सिगारेट वीस रुपयांना धरली, तर रोजच्या दहांचे वर्षाला ७३,००० रुपये होतात. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर समुपदेशन मोफत मिळतं. निकोटिन गम लागलाच, तर दहा रुपयांना एक या हिशेबाने रोज आठ-दहा, म्हणजे तीन महिन्यांत सात ते नऊ हजार. एवढा खर्च जरूर करा. बिडीवाल्यांनीही आपण यातून सुटलो असं समजू नये.

रंग, रबर, चामडं या धंद्यांतल्या काही रसायनांचाही धोका आहे. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा आजार लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ सालीच दाखवून दिला होता. रंगाने माखलेल्या हातांनी डबा उघडू नका, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. हातमोजे-मास्क मालकाकडे हक्काने मागा. कायद्याने द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. पगारातून ईएसआयसीचे ०.७५ टक्के कापले जात असतील (१२,००० वर ९० रुपये), तर त्याच पैशांत तुमचे उपचारही आहेत. ईएसआयसीचं कार्ड वापरा.

लघवीतून रक्त गेलं, मग ते एकदाच का असेना आणि दुखत नसलं तरी, डॉक्टर गाठा. बायकांच्या बाबतीत ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून फार वेळ जातो. खाजगीत लघवीची साधी तपासणी शे-दोनशेत होते, सोनोग्राफी साधारण हजार-दीड हजारात. दुर्बिणीच्या तपासणीला मात्र काही हजार लागतात, म्हणून दर आधी विचारून घ्या. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. रक्त दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, तरी तपासणी रद्द करू नका.