आधी पिंप घास, मग औषध टाक

अगं, पिंपात हात फिरवला की आतून बुळबुळीत लागतं म्हणून एवढं जिवाला लावून घेऊ नकोस. तुमच्या हमरापुरात गणपतीचा हंगाम म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात कारागिरांची वर्दळ, घरात पोरं, आणि सगळ्यांना पुरेल एवढं पाणी भरून ठेवायचं. पाणी साठलं की हा थर धरतोच. त्यात तुझा आळस कुठे आला?

शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. धुतलेलं पिंप भरलंस की पाण्यातले सेंद्रिय कण आधी आतल्या बाजूला चिकटतात. मग तरंगणारे जिवाणू तिथे टेकतात. काही सुटून जातात, काही मुक्कामच ठोकतात. हे राहिलेले अंगातून एक चीक सोडतात. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, अगदी डीएनएसुद्धा असतो. तुझ्या बोटाला लागतो तो मुख्यतः हाच चीक, आणि त्यातही बहुतेक पाणीच बघ. आत जिवाणू वाढत जातात, रसायनं सोडून आजूबाजूला किती जण जमलेत याचा अंदाज घेतात आणि पुरेशी गर्दी झाली की वागणंच बदलतात. थर जाड झाला की चाळीतल्या बोळांसारख्या बारीक वाटा राहतात, त्यांतून पाणी नि अन्न आतपर्यंत पोचतं. मग तुकडे सुटतात आणि पुढच्या हंड्यात नवी वस्ती करतात.

खरं सांगू का, घोळ होतो तो पुढेच. आशाताईंनी दिलेलं क्लोरीनचं औषध, मेडिक्लोर, तू बाटलीवरच्या प्रमाणात टाकतेस, अर्धा तास थांबतेस. पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू त्यानं मरतात गं, पण क्लोरीन चिकाच्या वरच्या भागातच खर्ची पडतं आणि आतले बरेच वाचतात. हे काही नवं नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला, तर त्यात जीव वळवळताना दिसले. दात व्हिनेगरनं धुतल्यावर बाहेरचे मेले, थराच्या आतले तसेच राहिले, हेही त्यानं टिपून ठेवलं. म्हणून तर नुसती चूळ भरून भागत नाही, ब्रश लागतोच.

तेव्हा औषध सोडू नकोस, पण घासणी आधी. पिंप पूर्ण रिकामं कर. तळाची कड, झाकणाची खाच आणि तोटीचं आतलं भोक या तीन जागा तुझ्या लक्षात राहू देत, थर तिथेच दडतो. तोटीला बाटली घासायचा बारीक ब्रश घाल. प्लास्टिकला तारेची घासणी मात्र लावू नकोस हं, ओरखडे पडले की जिवाणूंना बसायला आयती जागा मिळते. मग खळखळून धू आणि उन्हात पालथं घालून खडखडीत वाळू दे. बाळाच्या दुधाच्या बाटलीचंही तसंच, बूच उलटून आतून घास, त्यानंतरच उकळायला टाक.

कारखान्यातल्या पिण्याच्या पिंपात मातीचे, रंगाचे हात बुडू देऊ नकोस, लांब दांड्याचं ओगराळं ठेव. आणि सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर कशाला? मोठी टाकी घासायचं काम भावोजींवर सोपव, आणि पाणी सोडायच्या आधी तळाच्या कडेवरून तुझं बोट फिरवून बघ.