मृत्तिकेतील जंतू व त्यांचा आहार

पहिल्या पावसाबरोबर मातीस जो सुवास सुटतो, तो बहुतांशी स्ट्रेप्टोमायसीस वर्गाच्या सूक्ष्म जंतूंमुळे होय. याच वर्गातील एक जंतू १९४३ साली अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात शात्झ व वाक्समन यांस भरपूर खत घातलेल्या शेतमातीत सापडला. त्यापासून क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध निघाले. परंतु जंतू नुसता पोसल्याने औषध मिळत नाही. सहज पचणारे नत्र व स्फुरद विपुल मिळाल्यास तो जोमाने वाढतो, औषध मात्र थोडे देतो. सोयाबीनच्या पेंडीतील नत्र त्यास सावकाश मिळते. म्हणून ती या कामी विशेष उपयोगी ठरली. अतिखताने माजलेल्या कपाशीस पाला फार व बोंडे थोडी, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. वाढ निराळी, उत्पन्न निराळे; हा नियम जंतूंसही लागू आहे.